नांगर गावात दुरुस्त होतो, मग मोबाईल का नको?

बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, दोन पावलं चालवून पाहतो. विहिरीवरची मोटार घेताना ती जळाली तर रिवाइंडिंग कुठे होईल, हे आधी विचारतो. ट्रॅक्टर घेताना तर शोरूमवाल्यापेक्षा आपल्या मिस्त्रीचा शब्द मोठा. आणि मोबाईल घेताना? कॅमेरा किती मेगापिक्सेल, हप्ता किती बसतो आणि पोराला पसंत आहे का, एवढ्यावर दहा-पंधरा हजारांचा व्यवहार अर्ध्या तासात उरकतो. हा बिघडला तर सामान कुठे मिळेल, कोण उघडेल, किती वर्षं चालेल, हे दुकानात विचारणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.

मोबाईल ही चैनीची वस्तू होती तोवर हे चालून गेलं. आता तो चैनीचा राहिलेला नाही. खुरपं, पाभर, फवारणीचा पंप यांच्याच रांगेत तो आज उभा आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि आपल्या सातबाऱ्यावर पिकाची नोंद आपणच करायची. पीएम-किसानची ओळख पडताळणी २०२३ पासून चेहरा दाखवून मोबाईलवर करता येते. महाडीबीटीचा अर्ज भरा, ओटीपी मोबाईलवर. शेतकरी ओळख क्रमांक काढा, ओटीपी मोबाईलवर. २०२५ साली कृषी खात्याने महाविस्तार नावाचं सल्ला देणारं ॲप आणलं, तेही मोबाईलवर. हे सगळं घ्या म्हणून गावोगाव सांगत फिरणाऱ्यांत मीही आहे आणि सोय म्हणून ते चांगलंच आहे. पूर्वी एका सातबाऱ्यासाठी तालुक्याला दोन खेपा पडत, त्या वाचल्या हे कोण नाकारेल?

पण अवजार म्हटलं की त्याचा सुतार-लोहारही लागतो. नांगराचा फाळ झिजला तर लोहार शेवटतो, पाभरीचं फण मोडलं तर सुतार बसवून देतो. मोबाईलचा लोहार कुठे आहे?

याचा फटका कुठे बसतो ते बघा. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. म्हणजे क्विंटलमागे आठ-नऊशेचा फरक. वीस क्विंटलवाल्याला सोळा-अठरा हजारांचा. हमीभाव केंद्रावर माल घालायचा तर सातबाऱ्यावर पीकपेऱ्याची नोंद पाहिजे. राहिलेली पाहणी सहाय्यकाकडून करून घेतात हे खरं. पण तो सहाय्यक कोण, तो आपल्या शिवारात कधी येणार, याच्या मागे धावणं काही सोपं नाही. आमच्याकडच्या एका विधवा भगिनीचा फोन नेमका पाहणीच्या दिवसांत चार्ज होईना. शहरातल्या सेवा केंद्रात नेला तर सांगितलं, या मॉडेलचा बोर्ड येत नाही, नवीनच घ्या. दोन एकर जमीन, आणि नवीन घ्या!

हा फोन मी मुंबईला जाताना सोबत नेला. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून पोटासाठी गेलेली कितीतरी कुटुंबं चेंबूर, गोवंडी, मानखुर्द या पट्ट्यात स्थिरावली. आपल्या जालना जिल्ह्यातल्या अनेक गावांची दोन-चार घरं तिकडे सापडतातच. देवगिरीने उतरायचं, हार्बरची लोकल धरायची आणि गोवंडी. स्टेशनच्या पलीकडे शिवाजीनगर, बैंगनवाडी आणि त्यामागे देवनारचा कचऱ्याचा डोंगर. १९२७ पासून मुंबईचा कचरा इथे पडत आला आहे. जानेवारी २०१६ मध्ये या डोंगराला आग लागली तेव्हा धुराने मुंबईची शाळकरी मुलं घरी बसवावी लागली होती. आपण ज्याला ‘फेकून दिलं’ म्हणतो ते कुठेतरी जाऊन पडतंच, हे तिथे उभं राहिल्यावर दिसतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या डोंगराबद्दल नाही, त्याच्या पायथ्याशी चालणाऱ्या कामाबद्दल. तिथल्या गल्ल्यांतून प्लास्टिक वेगळं होतं, तार वेगळी होते, आणि बंद पडलेल्या वस्तूतला चालू भाग बाजूला निघतो. माझा एक मावसभाचा बैंगनवाडीत टपरीएवढ्या जागेत मोबाईल दुरुस्त करतो. त्याच्यासमोर तो फोन ठेवला. त्याने उघडला, भिंगातून पाहिला आणि म्हणाला, “मामा, यात बिघडलंय काय? चार्जिंगची पिन गेलीय नुसती.”

“मग केंद्रात नवीन घ्या का म्हणाले?”

“ते पिन बदलत बसत नाहीत. आख्खा बोर्डच बदलतात. बोर्ड यायचा बंद झाला की त्यांचा इलाज संपला.”

एका मेलेल्या फोनची पिन काढून त्याने बसवली. वीस मिनिटांचं काम. डाळिंबाच्या बागेत एक फांदी सुकली म्हणून आख्खं झाड उपटायला सांगणाऱ्याला आपण काय म्हणू? इथे मात्र आपण मुकाट्याने ऐकतो, कारण आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही.

दुसरा एक फोन मी त्याला दाखवला, तो आमच्याच एका कार्यकर्त्याचा. काच शाबूत, बॅटरी बरी, फक्त नवं ॲप त्यावर बसत नव्हतं. त्यावर भाच्याने हात वर केले. “सामान असतं तर बदललं असतं मामा. हे सॉफ्टवेअर जुनं झालंय. कंपनी वरचं देत नाही तोवर मी काहीच करू शकत नाही.”

खरी मेख इथे आहे. वस्तू झिजत नाही, तिची मुदत संपवली जाते. जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲप अँड्रॉइडच्या ४.४ आवृत्तीवर चालेनासं झालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. ही शेवटची तारीख ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी मंडळींनी जरा नीट वाचावी (ग्रामसेवक आणि तलाठी म्हटलं तरी आम्हाला तेच समजतं). पंचायतीतला, सेवा केंद्रातला संगणक जुना असेल तर विंडोज ११ त्यावर बसतच नाही, कारण त्याला आत विशिष्ट सुरक्षा चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. संगणक चालू आहे, टाइप होतंय, छपाई होतेय, पण चोरांपासून राखण करणारी दुरुस्ती येणं थांबलं. आणि त्याच संगणकात गावाचे दाखले आणि लोकांचे आधार क्रमांक. पैसे भरून किंवा ठरावीक अटींवर काही काळ वाढवून घेता येतं, पण ती मलमपट्टी.

संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं याची आपण कुरकुर करतो. पण तिथे निदान उतारा वाढतो. इथे चार वर्षांनी नवा फोन घेऊन फोटो तोच, त्याच सोयाबीनचा.

हे फक्त मोबाईलपुरतं राहणार नाही. अमेरिकेत ट्रॅक्टरला संगणक बसले आणि बिघाड शोधण्याचं पूर्ण सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या डीलरांकडेच ठेवलं. कापणीच्या दिवसांत यंत्र बंद, आणि डीलरचा माणूस येईपर्यंत शेतकरी बांधावर बसलेला. तिथले शेतकरी भांडले. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदाच केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीला याच कारणावरून न्यायालयात खेचलं. याच कंपनीचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर अजून गावच्या मिस्त्रीच्या पान्याला ऐकतात. पण १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे निकष आले आणि त्यासाठी डिझेल सोडण्याचं काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे जाऊ लागलं. धूर कमी झाला ते उत्तमच. पण उद्या त्या यंत्रणेचं कुलूप कोणाच्या खिशात राहणार, हे आजच विचारायला हवं.

युरोपने विचारलं. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाईलला विक्री बंद झाल्यावरही सात वर्षं सुटे भाग आणि किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर द्यावं लागतं. आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात जी चार क्षेत्रं घेतली त्यांत मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स आहे, घरगुती उपकरणं आहेत, वाहनं आहेत आणि शेतीची यंत्रंही आहेत. मात्र हे पोर्टल माहिती देतं, सक्ती करत नाही.

सक्ती करायची ठरवली तर आपल्याकडेही होते. सौर कृषी पंपाच्या योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी पुरवठादारावर टाकली आहे. सगळीकडे ती चोख पाळली जाते असा माझा दावा नाही, तुम्हालाही अनुभव असतील. पण कागदावर लिहिलेलं आहे म्हणून गचांडी धरता येते. लिहिलेलंच नसतं तर कोणाला विचारलं असतं?

म्हणून माझं म्हणणं असं की ज्या ॲपवाचून शेतकऱ्याचं काम अडतं, ते ॲप करणाऱ्यांनी पाच-सात वर्षं जुन्या आणि कमी जागेच्या साध्या फोनवर ते आधी चालवून पाहावं आणि मगच गावात पाठवावं. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोरांत आपल्या गावची पोरंही आहेत. त्यांना भर उन्हात, रेंज नसलेल्या शिवारात बापाचा फोन हातात घेऊन उभं राहायला सांगा. अर्ध्या अडचणी तिथेच कळतील. आणि पंचायतीने संगणक, प्रिंटर, हवामान यंत्र काहीही घेताना खरेदीच्या आदेशातच लिहावं की सुटे भाग किती वर्षं मिळतील, सॉफ्टवेअर किती वर्षं मिळेल आणि दुरुस्तीचा माणूस तालुक्यात किती दिवसांत येईल. स्वस्त दरपत्रकाच्या नादात हा रकाना कोरा राहतो आणि दोन वर्षांनी वस्तू कपाटावर जाते. अशी कपाटं मी बरीच पाहिली आहेत.

आता थोडं घरच्या आघाडीबद्दल. भाचा सांगत होता, त्याच्याकडे येणाऱ्या फुगलेल्या बॅटऱ्यांत बऱ्याच गेम खेळणाऱ्यांच्या असतात. फोन चार्जिंगला लावलेला, वर तासभर धावपळीचा खेळ, खाली गादी. बॅटरी तापणार नाही तर काय? शिवाय हे गेम फोनची जागा खाऊन टाकतात आणि बापाला पीक पाहणीचा फोटो साठवायला जागा उरत नाही. पोरांनी खेळू नये असं मी म्हणणार नाही, आम्हीही विटी-दांडूपायी शाळा बुडवली. पण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यावर बंदीचा कायदा केला. तेव्हा ‘घरबसल्या कमवा’ म्हणून कोणी असा खेळ अजून पुढे करत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

फोन घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: याची काच आणि बॅटरी जालन्यात मिळते का, कितीला मिळते, आणि कंपनी किती वर्षं सॉफ्टवेअर देणार. उत्तर मिळालं नाही तर शेजारच्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन विचारा, तो खरं सांगेल. पक्कं बिल घ्या. बिल असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येतं आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. फुगलेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, पाचटाबरोबर जाळू तर मुळीच नका. आणि जुना फोन घेणार असाल तर त्यावर *#०६# दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक पाहा आणि इंग्रजी केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवा. मॉडेलचं नाव उलट उत्तरात येतं. ते हातातल्या फोनशी जुळलं नाही किंवा क्रमांक बंद केलेला दाखवला, तर पैसे खिशातच ठेवा.