ड्राय आइस ताटात नको, बंद गाडीत नको

लग्नसराई तोंडावर आली आहे. यंदाही हॉलच्या पॅकेजमध्ये ‘क्लाउड एन्ट्री’ असणार, वेलकम ड्रिंकच्या ग्लासातून पांढरा धूर निघणार आणि मुलं त्या धुराकडे धावणार. म्हणून यजमान, केटरर, मंडपवाले, हॉलचे मालक आणि लहान मुलांचे आईवडील या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. ड्राय आइस कोणाच्याही ताटात, ग्लासात, तोंडात जाऊ देऊ नका. आणि बंद जागेत माणसांच्या सोबत तो ठेवू नका.

मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका कॅफेत जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून दिलेले पांढरे खडे पाच जणांनी तोंडात टाकले. तोंडाची आग झाली, रक्ताच्या उलट्या झाल्या, रुग्णालयात दाखल करावं लागलं. ते खडे ड्राय आइसचे होते. त्याच वर्षी छत्तीसगडच्या राजनांदगाव जिल्ह्यात एका लग्नात तीन वर्षांच्या मुलाने साधा बर्फ समजून ड्राय आइसचा तुकडा खाल्ला. ते मूल वाचलं नाही. बर्फासारखा दिसणारा, धूर सोडणारा खडा हाताला येईल असा ठेवला तर लहान मूल तो उचलणारच. तो तिथे ठेवायचा नाही, ही जबाबदारी मोठ्यांची आहे.

औषधं आणि तपासणीचे नमुने थंड ठेवून पोचवण्याच्या कामात मी आहे. ड्राय आइसशिवाय आमचं पान हलत नाही. फायझरची कोविड लस उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे, ती जगभर गेली ती ड्राय आइसच्या खोक्यांतून. आइस्क्रीमच्या गाड्या, विमानातलं जेवण, प्रयोगशाळेतले गोठवलेले नमुने, सगळ्यांना तो लागतो. कारखान्यात त्याच्या दाण्यांचा मारा करून साचे साफ करतात. पाणी लागत नाही, मागे चिखल राहत नाही. बेअरिंग घट्ट बसवायचं असेल तर ते ड्राय आइसमध्ये गार करून आकसवतात. हा कामाचा माल आहे. त्यावर बंदी घाला असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण तो हाताळणाऱ्याला त्याचा स्वभाव माहीत असायलाच हवा, आणि समारंभात तो ज्यांच्या हातात पडतो त्यांना बहुतेकदा कोणी काही सांगितलेलंच नसतं.

ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. तापमान उणे ७८.५ अंश. खोक्याचं झाकण काढलं की पांढरे खडे दिसतात, बोटाच्या पेरांएवढे, कोरडे ठणठणीत. पत्र्याचा स्कूप त्यात घातला की कर्कश्श किंचाळल्यासारखा आवाज येतो, कारण धातूच्या उबेने खडा जागच्या जागी वायू सोडायला लागतो. रात्रभर खोकं तसंच राहिलं तर सकाळी खडे कमी झालेले असतात आणि तळाशी पाण्याचा थेंब नसतो. हा बर्फ वितळत नाही, थेट हवेत जातो. उघड्या हाताने क्षणभरापेक्षा जास्त धरला तर कातडी भाजते, फोड येतात. पोटात गेला तर अन्ननलिका आणि जठर आतून भाजतं, शिवाय तिथेच वायू फुगतो. ग्लासात तळाशी बसलेला खडा शेवटच्या घोटाबरोबर तोंडात येऊ शकतो. म्हणून ‘खाऊ नका, फक्त बघा’ असं सांगून ग्लास पाहुण्याच्या हातात देणं हा काही बंदोबस्त नव्हे.

भाजणं निदान दिसतं तरी. वायू दिसतच नाही, आणि मला जास्त भीती त्याची आहे. आपण ज्याला ड्राय आइसचा धूर म्हणतो ते हवेतल्या बाष्पाचं धुकं असतं. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही आणि ओळखू येईल असा वास नाही. धुकं विरलं तरी वायू तिथेच असू शकतो. तो हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचतो. नवरा-नवरीच्या पायाशी ढग सोडतात तेव्हा मोठ्या माणसाचं नाक त्याच्या बरंच वर असतं. पण दोन वर्षांचं मूल त्या ढगात खाली बसलं, लोळलं तर त्याचं तोंड थेट त्या वायूत जातं. धुक्यात मुलांना खेळायला सोडू नका. तळघरातल्या हॉलमध्ये, खिडक्या बंद करून एसी लावलेल्या खोलीत, गणपतीच्या देखाव्यासाठी पडदे लावून केलेल्या गुहेत हा प्रयोग करूच नका. तोंडाला मास्क बांधला तरी हा वायू अडत नाही.

आता गाडीचा हिशेब बघा. एक किलो ड्राय आइसपासून ५०० लिटरहून जास्त वायू होतो. मोटारीच्या आतली जागा साधारण ३,००० लिटर. काचा बंद, एसी आतलीच हवा फिरवतोय आणि मागच्या सीटवर दहा किलोचं खोकं, म्हणजे अख्खी गाडी भरून दीडपटीहून जास्त होईल एवढा वायू त्या खोक्यात आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड एरवी ०.०४ टक्के असतो. तो ४ टक्क्यांवर गेला की जिवाला धोका मानतात, १० टक्क्यांच्या आसपास माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २०१८ मध्ये आइस्क्रीम पोचवणाऱ्या एकाच्या मोटारीत ड्राय आइसची खोकी होती. त्या गाडीतून गेलेल्या दोन बायका बेशुद्ध सापडल्या, त्यातली एक दगावली. मॉस्कोत फेब्रुवारी २०२० मध्ये वाढदिवसाच्या पार्टीत धुक्यासाठी बंदिस्त तरणतलावात ड्राय आइस ओतला आणि तीन जण गेले. पाण्यात पडला की तो फार झपाट्याने उडतो, आणि ढग करणाऱ्या मशीनमध्ये तर तो गरम पाण्यातच टाकतात.

तेव्हा माल नेणाऱ्या भावांनो, खोकं टेम्पोच्या मागच्या हौद्यात ठेवा, चालकाच्या केबिनमध्ये नको. मोटारीतून न्यायची वेळ आलीच तर थोडाच न्या, काचा उघड्या ठेवा आणि बाहेरची हवा आत घ्या. गाडीत झोपू नका. इमारतीत खोकं लिफ्टने पाठवायचं तर एकटंच पाठवा, आपण जिन्याने जा. खोक्याचं झाकण सैलच हवं. विमानात प्रवाशाला कंपनीच्या परवानगीने अडीच किलोपर्यंत ड्राय आइस नेता येतो, तोही वायू बाहेर पडेल अशाच खोक्यातून. घट्ट झाकणाच्या बाटलीत, थर्मासमध्ये किंवा डब्यात तो भरला तर दाब वाढून भांडं फुटतं आणि त्याचे तुकडे डोळ्यात जातात. सोडावॉटरच्या बाटलीत खडे भरून मजा बघणाऱ्या पोरांना वेळीच अडवा.

यजमानांनी बुकिंगच्याच वेळी केटररला स्पष्ट विचारावं: ड्राय आइस कुठे वापरणार, कोण हाताळणार, उरलेला कुठे जाणार? उत्तर गुळमुळीत आलं तर तो पदार्थ यादीतून काढा. उरलेला माल सिंकमध्ये, गटारात, कचऱ्याच्या पिशवीत टाकायचा नाही आणि मांडवामागे तसाच सोडून जायचा नाही. मोकळ्या हवेत, मुलं आणि जनावरं पोचणार नाहीत अशा ठिकाणी, माणूस लक्ष ठेवून असताना तो उडून जाऊ द्यावा.

डोकं दुखायला लागलं, धाप लागली, छातीत धडधडलं, गुंगी आली तर ताबडतोब उघड्यावर या. आत कोणी पडलेलं दिसलं तर आधी दारं-खिडक्या उघडा, मदतीला हाका मारा. वाकून एकट्याने आत शिरू नका. कातडी भाजली असेल तर चोळू नका, कोमट पाण्यात धरा. कोणी गिळलाच तर उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात ‘ड्राय आइस’ हा शब्द सांगा. रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टरांनाही तेच सांगा, म्हणजे नेमकं काय झालंय हे शोधण्यात त्यांचा वेळ जाणार नाही.