कोसबाड ते टायटन, व्हाया बोर्डी

डहाणू लोकल पकडून कोसबाडला जाणारी माणसं साधारण दोन प्रकारची. एक चिकूवाली, दुसरी अनुताई वाघांची टेकडी बघायची म्हणून येणारी. तिसरा प्रकार मी. मी वाळू बघायला जातो. ऑफिसात सांगितलं तर म्हणतात, त्यासाठी जुहू आहे की! आहे ना. पण जुहूच्या वाळूवर इतके पाय पडतात, की वाऱ्याला लिहायला जागाच उरत नाही.

हो, वारा लिहितो. आणि ते वाचणं हा काही लोकांचा चक्क जॉब आहे. तेही मंगळावरची, शनीच्या चंद्रावरची वाळू! (पगार मिळतो, विचारून झालंय.)

त्याची बाराखडी बोर्डीला शिकता येते. टेकडी उतरून किनाऱ्यावर या. ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि ओल्या वाळूवर वळ्या राहतात, त्या पाण्याने काढलेल्या. आता मागे सुरूच्या बनाकडे, कोरड्या वाळूत चला. इथल्या बारीक, जवळजवळ रेघा वाऱ्याच्या. तिथे बसून राहा. झुळूक येते, केस उडतात, वाळू ढिम्म. मग एखादा दणकट झोत येतो आणि एकदम घोट्याएवढ्या उंचीवर कण पळायला लागतात. एक कण उडी मारतो, पडताना पुढच्या चारांना उडवतो. त्या मर्यादेच्या खालचा वारा दिवसभर वाहिला तरी वाळूच्या हिशेबात तो शून्य!

हे गणित नीट मांडलं राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी इंजिनीअरने. हा गडी १९२०-३० च्या दशकांत फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात भटकायचा. त्याचं पुस्तक आलं १९४१ मध्ये, आणि मंगळाचे अभ्यासक आजही ते उघडतात. २०१५ च्या शेवटी क्युरिऑसिटी रोव्हर मंगळावरच्या ज्या काळ्या वालुकाटेकड्यांपाशी पोचला, त्यांना नाव दिलंय बॅग्नोल्डचंच.

तिथे गंमत झाली. मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी. तरी टेकड्या आहेत, वर बारीक रेघाही आहेत, अगदी बोर्डीसारख्या. पण या दोघींच्या मधल्या मापाच्या, मीटर-दोन मीटर, तीन मीटर अंतराच्या लाटाही निघाल्या. आपल्याकडच्या वाळवंटात अशा वाळूत त्या दिसत नाहीत. २०१६ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडलं, की या घडण्याची रीत वाऱ्याच्या रेघांपेक्षा पाण्याखालच्या वळ्यांच्या जवळची आहे. म्हणजे कोरड्या ठाक मंगळावर ओहोटीवाली नक्षी! सगळ्यांना हे पटलेलं नाही, भांडणं चालू आहेत. मला स्वतःला ही कल्पना जाम आवडते, पण माझ्या आवडीला कोण विचारतो.

आणि हे सगळं नुसतं हौसेचं नाही बरं. २००५ मध्ये ऑपॉर्च्युनिटी रोव्हर अशाच एका वाळूच्या लाटेत पाच आठवडे रुतून बसला. २००९ मध्ये स्पिरिट रुतला, तो कायमचा. वाळू वाचता आली नाही, तर गाडी जाते.

पण तिकडची वाळू इकडे आणायची कशी? नाही आणायची. तारा मोडक आणि अनुताईंनी याच टाकळ्या-पाड्यांच्या मुलखात शंख-शिंपले, बिया, खडे घेऊन बालवाडी चालवली. महागडी साधनं परवडणार नव्हती. वाऱ्याच्या बोगद्यात काम करणारे शास्त्रज्ञही तेच करतात. दुसऱ्या ग्रहावर गुरुत्व कमी, म्हणून वाळूच्या जागी हलकं काहीतरी हवं, तर ते वापरतात अक्रोडाच्या कवचांचा भुगा. सही ना? अनुताईंना पटलं असतं.

आता टायटन. शनीचा सगळ्यात मोठा चंद्र, उणे १७९ अंश सेल्सिअस. हवा आपल्या चौपट दाट, गुरुत्व सातव्या भागाएवढं, वाळू डांबराच्या नात्यातली. २००५ नंतर कॅसिनी यानाच्या रडारला विषुववृत्ताभोवती शंभरेक मीटर उंचीच्या टेकड्यांच्या रांगाच रांगा दिसल्या, थेट नामिबियासारख्या. त्यांचा आकार सांगतो, वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे. हवामानाची गणितं सांगतात, छे, जमिनीलगत तो नेहमी उलटा वाहतो! कोण खोटं?

बहुधा कुणीच नाही. टायटनचं वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचं. दिवस-रात्र समान होण्याचा काळ तिथे पंधराएक वर्षांनी येतो, आणि तेव्हा वादळं पूर्वेकडे जोरात झोत सोडत असावीत असा अंदाज आहे. बाकीची सगळी वर्षं वाहणारा वारा मर्यादेच्या खाली. म्हणजे बोर्डीची झुळूक. टेकड्या बांधतात ते थोडे दिवस.

याच टेकड्यांच्या मुलखात ड्रॅगनफ्लाय नावाचं, मोटारीएवढं, पंखे लावलेलं यान उतरणार आहे. २०२८ ला निघायचं, २०३४ ला पोचायचं. उतरताना वारा कुठून येईल, हे आधी माहीत असलेलं बरं.