जालना मुंबईपासून किती दूर?

नकाशा उघडा. जालना मुंबईच्या पूर्वेस सुमारे ३ अंश आणि उत्तरेस सुमारे पाऊण अंश आहे. आपल्या भागात रेखांशाचा १ अंश म्हणजे अंदाजे १०५ किलोमीटर आणि अक्षांशाचा १११. म्हणजे काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू झाल्या ३१५ आणि ८३. पायथागोरसचा सिद्धांत लावा. कर्ण सुमारे ३२५ किलोमीटर येईल. हे झाले हवाई अंतर.

मोटारीला मात्र सुमारे ४०० किलोमीटर जावे लागते. वाटेत सह्याद्री उभा आहे ना! ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गासाठी इगतपुरीजवळ सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा खणला, तरी रस्ता काही पट्टीने आखल्यासारखा होत नाही.

मग विमानच बरे, असे तुम्ही म्हणाल. थांबा, हिशेब करू. जालन्याहून प्रवासी विमान सुटत नाही. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ गाठायला एक तास. तपासणीसाठी आधी पोहोचायचे म्हणून दीड तास. उड्डाण साधारण एक तास. मुंबईत उतरून सामान घेऊन बाहेर पडायला पाऊण तास. एकूण सव्वाचार तास! आकाशात ताशी कित्येक शे किलोमीटर धावणाऱ्या विमानाचा सरासरी वेग ३२५ ÷ ४.२५, म्हणजे ताशी अवघा ७६ किलोमीटर. मोटारीला साडेपाच तास धरा. फरक उरला सव्वा तासाचा.

आता समजा, कोणी दुप्पट वेगाचे विमान बनवले. वाचेल जेमतेम अर्धा तास. पण विमानतळावरचे थांबणे निम्मे केले, तर त्याहून अधिक वाचेल, आणि त्याला नवे इंजिन लागत नाही. दिल्लीची गोष्ट वेगळी. हवाई अंतरच सुमारे हजार किलोमीटर. तेथे थांबण्याचा वेळ लांब प्रवासात मुरून जातो. तेथे विमानच जिंकेल, यात वाद नाही.

म्हणूनच ‘आमच्या जिल्ह्याला विमानतळ हवा’ असे कोणी म्हणाले की मला आधी मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या बाजूचे खेडे आठवते. एस.टी.ची वाट पाहण्यात तास, जालन्याला पोहोचण्यात दीड-दोन तास. मुंबईची वाट तर त्यानंतर सुरू होते! माझे स्पष्ट मत असे, की पैसा आणि बुद्धी आधी या संथ तुकड्यावर खर्च व्हावी. वेगवान महामार्गावर तुम्ही ताशी १०० ऐवजी १२० ने गेलात, तर ३०० किलोमीटरमध्ये अर्धा तास वाचतो. गतिज ऊर्जा मात्र जवळजवळ दीडपट होते. तोच अर्धा तास गावची बस वेळेवर आल्याने वाचतो, आणि तोही धोक्याशिवाय.

पुढच्या प्रवासाला निघाल तेव्हा वही बरोबर घ्या. दाराबाहेर पाऊल टाकल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंत प्रत्येक तुकड्याचे अंतर आणि वेळ लिहा, भागाकार करा आणि सर्वांत कमी वेग कोठे आला ते पाहा.