शेठ, ती कटकट म्हणजे आम्हीच

शेठ,



समोर येऊन बोलले असते, पण तुम्ही गल्ल्यावर असता आणि गिऱ्हाइकादेखत तुमचा आवाज चढतो. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांत लिहितेय. आपल्या बाजारातल्या बऱ्याच दुकानांत हेच चाललंय.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने दुकान कायदा बदलायचं ठरवलं, त्या संध्याकाळी तुमच्या धाकट्याने दुकानाच्या ग्रुपवर बातमी टाकली. वर लिहिलं, ‘आता वीसच्या आत कटकट नाही.’ खाली तुमचा अंगठा. त्या ग्रुपवर आम्ही चौदाजण आहोत, शेठ. ती कटकट म्हणजे आम्हीच.

१९४८ च्या जुन्या कायद्याला दुकानात एक नोकर असला तरी पुरत होता. २०१७ च्या कायद्याने दहा माणसांची अट घातली, आता वीसची. वीसच्या आत असाल तर नोंदणी नको, नुसतं कळवलं की झालं. इन्स्पेक्टर आला की तुमची कशी धावपळ व्हायची ते मी पाहिलंय. ऑनलाइनवाल्यांनी निम्मं गिऱ्हाईक पळवलं, तेही दिसतं. गुमास्त्याचे कागद कमी झाले तर माझी काय तक्रार? पण कागदासोबत वर्षाची आठ दिवस किरकोळ रजा, सणावारांच्या आठ भरपगारी सुट्ट्या आणि जादा कामाचा दुप्पट पगारही गेला. मोठ्या दुकानांत दिवस नऊ तासांचा दहा झाला, पण निदान त्यांना घड्याळ तरी आहे. आम्हाला तेही उरलं नाही.

भाचीच्या बारशाला दोन दिवस मागितले, तर तुम्ही म्हणालात, “ताई, तो कायदा आता आपल्याला नाही.” इतकी वर्षं ताई म्हणता. बिनपगारी का होईना, ‘जाऊन या’ म्हणाला असतात तर हे पत्र लिहिलंच नसतं.

लग्नसराईत एकेक गिऱ्हाईक चाळीस साड्या उघडायला लावतं, पदर खांद्यावर टाकून आरशात बघतं आणि “जरा फिरून येतो” म्हणून निघून जातं. त्या सगळ्या साड्या काठाला काठ लावून पुन्हा घडीत बसवायच्या, तेही उभ्यानेच. पूर्वी गादी होती, मांडी घालून माल दाखवता यायचा. दुकान नवं केलंत, काचेचं काउंटर आलं, गादी माळ्यावर गेली. गिऱ्हाइकाला मऊ खुर्च्या, आम्हाला स्टूलही नाही, कारण बसलेली बाई आळशी दिसते. कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या बायका यासाठीच भांडल्या. केरळने २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात घातला, पाठोपाठ २०२१ मध्ये तमिळनाडूनेही. आपल्याकडे मात्र आहे तेच काढून घेतल्याचा आनंद ग्रुपवर साजरा होतो.

कायद्याने सक्ती काढली, शेठ. रजा देऊ नका असं काही त्यात लिहिलेलं नाही. माझं मागणं एवढंच, की दुकानाच्या लेटरहेडवर लिहून द्या: रजा, सुट्ट्या आणि जादा कामाचा दुप्पट पगार पूर्वीसारखाच राहील. खाली सही-शिक्का. आणि साड्यांच्या रॅकमागे मावतील अशी तीन-चार स्टुलं.

आणखी एक. पोरं म्हणतात, दिवाळीनंतर पाच-सहाजणांना घरी बसवायचा तुमचा विचार आहे. तसं करण्याआधी वकिलाला ग्रॅच्युइटीचं विचारून घ्या. तिथे अजून दहाचाच आकडा आहे, आणि एकदा लागू झाली की मागून माणसं दहाच्या खाली आली तरी ती सुटत नाही. माझी पाच वर्षं केव्हाच भरली आहेत. वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हा हिशेब मी करून ठेवलाय.

तुमच्याच दुकानातली,
काउंटरवरची ताई