चहा आणि वह्या

शाळेत मराठी शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलीने 'ते खुर्ची' लिहिले की मी गुण कापायचो. एकदा चहाच्या वेळी कन्नडच्या बाईंनी उलगडा केला, ''सर, कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगीच!'' मग मीही सांगितले, मराठी मुले 'एरडु' आणि 'एळु' एकाच 'ए'ने लिहितात, कारण मराठीत ऱ्हस्व 'ए' वेगळा नाही. दोघेही गप्प झालो. मुले निष्काळजी नव्हतीच.

जपानमध्ये शिक्षक मिळून पाठ आखतात. एक जण शिकवतो, बाकीचे मुलांचे निरीक्षण करतात, नंतर चर्चा होते. आपण निदान चहाबरोबर एकमेकांच्या वर्गातल्या दोन वह्या तरी उघडूया.