उमेदवारी कंपनीची, आवाज कोणाचा?

राजधानीतील सगळ्याच निवडणुका निर्वाचन सदनातून घेतल्या जातात असे नाही. ज्यांचा गाजावाजा होत नाही, ज्यांचे मतदार काही शेकड्यांच्या पलीकडे जात नाहीत आणि तरीही ज्यांच्या निकालाचे पडसाद शास्त्री भवनातील फायलींवर उमटतात, अशा निवडणुका उद्योगसंघटनांच्या कार्यकारिणीच्या असतात. कोणत्या कंपनीने कोणाचे नामांकन केले आणि कोणाचे केले नाही, याची चर्चा एरवी वार्षिक सभेच्या भोजनापुरतीच टिकते. २०२३ साली मात्र ‘इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया’ अर्थात आयएएमएआय या संघटनेच्या निवडणुकीने हा शिरस्ता मोडला.

या वादाचे मूळ दिल्लीत होते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्पर्धा आयोगाने गुगलला दोन स्वतंत्र प्रकरणांत १३३७.७६ कोटी आणि ९३६.४४ कोटी रुपयांचे दंड ठोठावले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जयंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील अर्थविषयक संसदीय स्थायी समितीने बड्या डिजिटल कंपन्यांसाठी स्वतंत्र स्पर्धा कायद्याची शिफारस केली. गैरवर्तन घडल्यावर वर्षानुवर्षे चौकशी करण्यापेक्षा ते घडण्याआधीच बंधने घालावीत, असा तिचा आशय होता. २०२३ च्या फेब्रुवारीत कंपनी व्यवहार सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने उद्योगाचे मत मागवले. आयएएमएआयने असल्या पूर्वबंधनांना विरोध करणारे निवेदन दिले.

त्या वेळी संघटनेचे अध्यक्ष होते गुगल इंडियाचे प्रमुख संजय गुप्ता, उपाध्यक्ष होते मेटाचे शिवनाथ ठुकराल. गुप्ता यांच्याआधी अध्यक्षपद अॅमेझॉन इंडियाचे अमित अगरवाल यांच्याकडे होते. ज्यांच्यावर बंधने यावीत की नाही हा प्रश्न, त्यांचेच प्रतिनिधी उद्योगाच्या नावाने उत्तर देणार, ही विसंगती नजरेत भरणारीच होती. ‘भारत मॅट्रिमनी’चे मुरुगवेल जानकीरामन, ‘शादी डॉट कॉम’चे अनुपम मित्तल, ‘मॅप माय इंडिया’चे रोहन वर्मा यांनी उघडपणे नापसंती नोंदवली. हे मत भारतीय उद्योगाचे नसून परदेशी महाकंपन्यांचे आहे, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. घरातले भांडण चव्हाट्यावर आले म्हणून दोष देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की चव्हाट्यावर आले नसते तर सरकारदरबारी ‘उद्योगाचे एकमत’ म्हणून त्याची नोंद झाली असती.

संघटनेच्या रचनेत चोवीस जणांचे नियामक मंडळ असते आणि त्यातून पदाधिकारी ठरतात. त्यामुळे खरी लढाई अध्यक्षपदाची नसून या चोवीस जागांसाठी कोण उभे राहतो याची असते. एरवी छोट्या कंपन्या वर्गणी भरतात, परिषदांना हजेरी लावतात, पण उमेदवारी दाखल करण्याच्या फंदात पडत नाहीत. बड्या कंपन्यांकडे ‘सार्वजनिक धोरण’ नावाचा स्वतंत्र विभाग असतो, दिल्लीत राहणारी माणसे असतात आणि बैठकांना बसायला वेळ असतो. नवउद्योजकाकडे यांपैकी काहीच नसते. सत्तेचे हे साधे गणित सहकारी साखर कारखान्यांच्या राजकारणात मुरलेल्या मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. २०२३ मध्ये देशी कंपन्यांनी या निवडणुकीकडे गांभीर्याने पाहिले आणि चित्र पालटले. ‘ड्रीम इलेव्हन’चे हर्ष जैन अध्यक्ष, ‘मेक माय ट्रिप’चे राजेश मागो उपाध्यक्ष आणि ‘टाइम्स इंटरनेट’चे सत्यन गजवानी कोषाध्यक्ष झाले. तिन्ही पदे देशी हातांत आली.

फरक पडला का? पडला. १ मार्च २०२४ रोजी शुल्कवादातून गुगलने भारतीय कंपन्यांची काही अॅप आपल्या प्ले स्टोअरवरून काढली, तेव्हा याच संघटनेने त्या कारवाईचा निषेध केला. माहिती तंत्रज्ञानमंत्री अश्विनी वैष्णव यांनी हस्तक्षेप केला आणि अॅप परतली.

तथापि देशी विरुद्ध परदेशी ही मांडणी जितकी सोयीची, तितकी पुरेशी नाही. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा जाहीर झाला. त्यातील निकषांपैकी एक होता भारतातील चार हजार कोटी रुपयांच्या उलाढालीचा, तर वापरकर्त्यांची अट एक कोटींची. या मापात उद्या एखादी वाढलेली भारतीय कंपनीही बसू शकते. म्हणजे काल गुगलविरुद्ध एका बाकावर बसलेले बडे आणि छोटे भारतीय उद्योजक या विधेयकापुढे एकाच बाकावर राहतील याची शाश्वती नव्हती. हे विधेयक २०२५ अखेरपर्यंत संसदेत मांडले गेले नव्हते.

सॉफ्टवेअर उद्योगाची थोरली संघटना ‘नॅसकॉम’ हिच्याकडे पाहिले, तर नामांकनाचा प्रश्न निराळ्या रूपात दिसतो. १९८८ साली ३८ सदस्यांनिशी सुरू झालेल्या या संघटनेत मंडळ दोन वर्षांचे असते आणि उपाध्यक्षच पुढे अध्यक्ष होतो, असा प्रघात रुजला आहे. यात गोंगाट नाही आणि चुरसही नाही. परिणाम असा, की २०२१ ते २०२४ या काळात अध्यक्ष झालेल्या पाच जणांपैकी टीसीएसचे कृष्णन रामानुजम वगळता चौघे अॅक्सेंचर, मायक्रोसॉफ्ट, कॉग्निझंट आणि सॅप या परदेशी कंपन्यांच्या भारतातील शाखांचे प्रमुख होते. यात कोणाच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. पण विदाधोरण, करआकारणी वा सरकारी खरेदी यांबाबत संघटना काय बोलते, यावर या वस्तुस्थितीची छाया पडत नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. उत्पादन कंपन्यांतील अस्वस्थांनी २०१३ साली ‘आयस्पिरिट’ हे वेगळे व्यासपीठ उभारले, ते उगाच नव्हे.

अशा खुर्च्यांचे मोल काय, याचे उत्तम उदाहरण न्या. श्रीकृष्ण समितीचे. विदासंरक्षण कायद्याचा आराखडा करणाऱ्या या समितीत नॅसकॉमनेच स्थापन केलेल्या ‘डेटा सिक्युरिटी कौन्सिल’च्या प्रमुख रमा वेदश्री सदस्य होत्या. २०१८ च्या अहवालातील विदा देशातच साठवण्याच्या अटीला त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. २०२३ साली झालेल्या कायद्यात ती अट सरसकट उरली नाही. सरकार मनाई करील ते देश सोडून अन्यत्र विदा नेण्यास मुभा मिळाली. हे केवळ एका मतपत्रिकेने घडले असे नाही, परंतु समितीच्या टेबलाशी बसलेल्याचे मत लेखी नोंदले जाते आणि बाहेरच्याचे टपालात येते, हा फरक सचिवालयात काम केलेला कोणीही जाणतो.

प्रघाताने चालणारे नामांकन उमेदवाराची पारखही करत नाही. सत्यमचे बी. रामलिंग राजू २००६-०७ मध्ये नॅसकॉमचे अध्यक्ष होते. ७ जानेवारी २००९ रोजी त्यांनी हिशेबातील घोटाळ्याची कबुली दिली, तेव्हा पुण्याच्या झेन्सारचे गणेश नटराजन अध्यक्षपदी होते आणि उद्योगाची अब्रू सावरण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. सत्यमच्या नव्या मंडळावर सरकारने ज्यांना आणले, त्यांत नॅसकॉमचे माजी प्रमुख किरण कर्णिक होते. एकाच संघटनेने घोटाळेबाजही सन्मानिला आणि निस्तरणाराही पुरवला!

या साऱ्या गणितात एक घटक मात्र कधीच नसतो, तो म्हणजे कर्मचारी. नॅसकॉमच्याच आकड्यांनुसार २०२४-२५ मध्ये या उद्योगाची उलाढाल सुमारे २८३ अब्ज डॉलर आणि मनुष्यबळ ५८ लाखांच्या घरात होते. कधी मालकांचे आणि नोकरदारांचे हित जुळते. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकाने स्थानिकांसाठी खासगी नोकऱ्यांत व्यवस्थापकीय पदांवर ५० आणि अन्य पदांवर ७० टक्के आरक्षणाचे विधेयक आणले, तेव्हा नॅसकॉमने कडाडून विरोध केला आणि विधेयक थंड्या बस्त्यात गेले. बंगळुरूतील मराठी अभियंत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पण वर्षभरातच, जुलै २०२५ मध्ये, टीसीएसने सुमारे बारा हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा केंद्रीय कामगार मंत्रालयाचे दार ठोठावले ते पुण्याच्या ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने. उद्योगसंघटनेच्या मंडळावर त्यांचा उमेदवार असण्याची तरतूदच नाही, आणि मालकांच्या संघटनेकडून तशी अपेक्षा करणेही वावगे. प्रश्न सरकारचा आहे. ‘उद्योगाचे मत’ मागवताना मंत्रालये केवळ याच दोन-तीन पत्त्यांवर पत्रे का धाडतात?

आणि पदाधिकारी झाल्याने सर्व साधते, असेही नाही. २०२३ मध्ये आयएएमएआयचे अध्यक्ष झालेल्या हर्ष जैन यांचा व्यवसाय पैशांच्या ऑनलाइन खेळांवर उभा होता. त्या खेळांवर बंदी घालणारे विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी संमत झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेने त्याला मान्यता दिली आणि तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्याचा मसुदा आधी मतांसाठी जाहीर झालाच नव्हता.