गाडी इटलीची आवडते, पैसे जर्मनीला जातात



ब्रँडिंगवरच्या मागच्या व्हिडिओत मी अल्फा रोमियोच्या जुलिया क्वाद्रिफोल्योचं नाव घेतलं आणि खाली कमेंटमध्ये भांडणच लागलं. अर्धे म्हणतात, बीएमडब्ल्यू एम३ पुढे इटलीची गाडी टिकतच नाही. बाकीचे म्हणतात, जर्मन गाडी म्हणजे चार चाकांवरचा कॉम्प्युटर, त्यात जीव नाही. दोन ओळींच्या रिप्लायमध्ये हे मावणारं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन्हींतली मनाला जास्त भिडणारी गाडी जुलिया आहे. पण उद्या धंद्यात लागणारे पैसे ज्याला गाडीत घालायचे आहेत, त्याने एम३ घ्यावी. याचं कारण गाडीच्या बॉनेटखाली सापडत नाही, हिशोबाच्या वहीत सापडतं.

जुलियाला तिचं श्रेय मात्र आधी देऊ. जून २०१५ मध्ये मिलानजवळच्या आरेझेला तिच्यावरचा पडदा उठला. २.९ लिटरचं ट्विन टर्बो व्ही६ इंजिन, ५१० हॉर्सपॉवर, आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. ही गाडी घडवायला फेरारीतली माणसं आणली होती. बॉनेट कार्बन फायबरचं. जर्मन कंपन्या आपल्या बहुतेक गाड्यांचा टॉप स्पीड २५० ला बांधून ठेवतात, जुलिया ताशी ३०७ पर्यंत मोकळी सोडली. २०१६ मध्ये न्युर्बुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा फेरा तिने ७ मिनिटं ३२ सेकंदांत मारला. म्हणजे जर्मनांच्या अंगणात जाऊन दाखवलं. आणि दरवाजाच्या पुढे बाजूला तो हिरवा चार पानांचा क्लोव्हर! १९२३ मध्ये उगो सिवोची याने रेसच्या गाडीवर तो काढला आणि तार्गा फ्लोरिओ जिंकली. त्याच वर्षी मोंझाला तो अपघातात गेला, तेव्हाच्या गाडीवर क्लोव्हर नव्हता. असा किस्सा कुठली अ‍ॅड एजन्सी पैसे घेऊन लिहून देईल?

आता एम३. पहिली आली १९८६ मध्ये, दोन दारांची. कारण अगदी व्यवहारी होतं. रेसमध्ये उतरायचं तर त्याच गाडीचे ५००० नग वर्षभरात बनवून दाखवा, असा नियम होता. आजची चार दारांची एम३ काँपिटिशन २०२० मध्ये आली. तीन लिटर, सहा सिलिंडर, आणि ताकद? तीही ५१० हॉर्सपॉवर! जुलियापेक्षा साधारण शंभर किलोने जड आहे, आणि तोंडावरची ती उभी जाळी बघून बीएमडब्ल्यूचे जुने भक्तसुद्धा चिडले होते. तरी गाडी खपली.

का खपली ते बघा.

युरोपात अशी गाडी बरेच जण रोख पैसे मोजून घेतच नाहीत. जर्मनीत नव्या गाड्यांचा मोठा वाटा कंपन्यांच्या नावावर असतो, आणि लीजवर चालतो. लीजचा हप्ता गाडीच्या पूर्ण किमतीवर ठरत नाही. आजची किंमत आणि तीन वर्षांनंतर मिळेल अशी किंमत, या दोन्हींतला फरक म्हणजे हप्ता, वर व्याज. समजा दोन्ही गाड्या ९०,००० युरोच्या आहेत. एक तीन वर्षांनी ५५,००० ला जाईल असं लीज कंपनीला वाटतं, दुसरी ४५,००० ला. हे आकडे मी समजायला सोपे म्हणून धरलेत. पहिलीत ३५,००० ची घट, भागिले ३६ महिने, म्हणजे ९७२ युरो. दुसरीत ४५,००० ची घट, म्हणजे १,२५० युरो. शोरूममध्ये किमतीचा टॅग एकच, पण दुसरीचा हप्ता महिन्याला २७८ युरोने जास्त.

आणि हे चक्र स्वतःच फिरत राहतं. हप्ता जास्त म्हणून गाड्या कमी खपतात. कमी खपतात म्हणून सेकंड हँड बाजारात गिऱ्हाईक कमी. गिऱ्हाईक कमी म्हणून रीसेल पडते. रीसेल पडली की पुढच्याचा हप्ता अजून वाढतो. जुलियाची रीसेल एम३ पेक्षा लवकर पडते हे तिचे चाहतेही मान्य करतात. इंजिनियरने इंजिनात जे कमावलं, ते सगळं इथे गळून जातं.

ही किंमत ठरवतं कोण? भरवसा. अल्फाची मागच्या चाकांवर चालणारी आधीची सेडान होती अल्फा ७५. ती १९९२ मध्ये बंद झाली. त्यानंतर तशी सेडान रस्त्यावर यायला २०१६ उजाडलं. २४ वर्षं! २०११ मध्ये १५९ बंद झाली, तेव्हापासून तर या साइजची एकही सेडान त्यांच्या शोरूममध्ये नव्हती. जुनं गिऱ्हाईक आलं, शटर बंद दिसलं, समोरच्या जर्मन दुकानात गेलं. आपल्या गल्लीतही हेच होतं ना? मालक वर्षातून दोन महिने गावी जातो आणि परत आल्यावर विचारतो, गर्दी कुठे गेली? २०१४ मध्ये मालक कंपनीने जाहीर केलं होतं की २०१८ पर्यंत वर्षाला ४ लाख अल्फा विकू. त्याच्या जवळपासही पोचले नाहीत. एम३ ची मात्र १९८६ पासून पिढीमागून पिढी येत राहिली. मासेरातीचंही तसंच. १९६३ मध्ये क्वात्रोपोर्ते काढून चार दारांची रेसर गाडी कशी असते ते त्यांनी जगाला दाखवलं, आणि मग सित्रोएन, दे तोमासो, फियाट असे मालक बदलत राहिले.

आता कोणी म्हणेल, जर्मन गाड्या काय बिघडत नाहीत? बिघडतात, आणि खिसा रिकामा करतात. ई४६ या पिढीच्या एम३ मध्ये इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा प्रॉब्लेम निघाला. बीएमडब्ल्यूला गाड्या परत बोलावून बेअरिंग बदलावी लागली, वॉरंटी वाढवावी लागली. पण आज त्या गाडीचा कुठलाही जाणकार मेकॅनिक सांगेल, बेअरिंग बदलून घे, खर्च इतका, दिवस इतके. दोष सगळ्यांना माहीत आहे, त्याची किंमत ठरलेली आहे. जुलियाच्या सुरुवातीच्या काळात टेस्टला दिलेल्या गाड्यांमध्येच वॉर्निंगचे दिवे लागल्याच्या, गाडी बंद पडल्याच्या बातम्या आल्या. बिघाड पुढे आटोक्यात येतो, पण गाडी किती दिवस उभी राहील हे सांगणारा माणूस जवळ नसेल तर गिऱ्हाईक घाबरतं. आपल्याकडे रांजणगावला बनलेली पुंटो किंवा लिनिया ज्यांनी वापरली त्यांना विचारा. स्टीअरिंगचं कौतुक करतील, आणि पुढच्याच वाक्यात पार्टचा विषय काढतील.

अल्फा भारतात अधिकृतपणे विकली जात नाही, त्यामुळे पुणे-नाशिकच्या मंडळींसाठी हा वाद सध्या गप्पांचाच आहे. पण जर्मनीत नोकरी करणाऱ्या आपल्या एका प्रेक्षकासाठी तो खराखुरा आहे. त्याने मेसेज केला, "सर, सेकंड हँड जुलिया स्वस्त मिळतेय, एम३ त्याहून बरीच महाग आहे. तीन वर्षांनी परत येऊन स्वतःचं वर्कशॉप टाकायचंय. कुठली घेऊ?"

त्याला मी लिहिलं ते असं. मित्रा, स्वस्त कुठली हे आज बघू नकोस. तीन वर्षांनी विकताना हातात किती येतील ते बघ, आणि त्या गाडीला तिथे महिन्याभरात गिऱ्हाईक मिळतं का तेही बघ. एम३ मध्ये तुझ्या वर्कशॉपच्या भांडवलाचा बराचसा भाग शाबूत राहील. जुलियामध्ये तू जो फरक वाचवतोयस तो जाताना द्यावा लागेल. वर्कशॉपचे पैसे वेगळे बाजूला काढून झाले असतील आणि हे खरंच मौजेचे पैसे असतील, तर डोळे मिटून जुलिया घे. त्या दोन्हींतली मीही तीच घेतली असती. आणि वर्कशॉपचे पैसे अजून जमलेच नसतील, तर साधी गोल्फ घे आणि रविवारी दुसऱ्याच्या गाड्या बघायला जा. त्याला राग आला असावा, दोन दिवस उत्तर नाही.

एक गोष्ट मात्र जर्मनीच्या भक्तांना सांगायची आहे. गिऱ्हाईक जर्मनांकडूनही निसटतं. मर्सिडीज-एएमजीने २०२२ मध्ये सी६३ चं व्ही८ इंजिन काढलं आणि दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर बसवली. ताकद ६८० हॉर्सपॉवर, कागदावर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. वजन २१०० किलोच्या वर. जुनं गिऱ्हाईक म्हणालं, आम्ही तो आवाज विकत घेत होतो, तोच तुम्ही काढून टाकलात. इथे हिशोब बरोबर होता, माल चुकला.

आणि गंमत म्हणजे हीच एएमजी एकेकाळी आपल्यासारखीच होती. आउफ्रेख्त आणि मेल्शर हे मर्सिडीजमधले दोन इंजिनियर. कंपनीने रेसिंग थांबवलं, तर हे घरी इंजिनं खोलून बसायचे. १९६७ मध्ये एका जुन्या गिरणीत त्यांनी वर्कशॉप टाकलं. १९७१ मध्ये त्यांनी तयार केलेली अगडबंब लाल मर्सिडीज स्पाच्या २४ तासांच्या रेसमध्ये दुसरी आली. मर्सिडीजने त्यांच्याशी करार केला तो १९९० मध्ये. मधली ती २३ वर्षं त्यांनी पैसे कसे फिरवले, यावर पुढचा व्हिडिओ करतोय. तोवर एक काम करा. तुमच्याकडून माल घेतलेलं तीन वर्षांपूर्वीचं एक गिऱ्हाईक शोधा, आज त्या वस्तूचं काय चाललंय ते फोन करून विचारा, आणि काय ऐकायला मिळालं ते कमेंटमध्ये लिहा.